‘अपॉइंटेड ॲज सेक्रेटरी’ की नुसतेच ‘अपॉइंटेड सेक्रेटरी’?

माजिवडेकर (धागाकर्ता)

आमच्या ठाण्याच्या गृहनिर्माण संस्थेत निवडणूक होऊन नवी व्यवस्थापक समिती आली. सभासदांत अमराठी कुटुंबे बरीच असल्यामुळे सूचनाफलकावर मराठीसोबत इंग्रजी सूचनाही लावावी लागते. तिच्या मसुद्यात ‘मिस्टर अमुक हॅज बीन अपॉइंटेड ॲज द सेक्रेटरी’ असे वाक्य होते. संस्थेतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ‘ॲज द’ हे दोन शब्द पेन्सिलीने खोडले, समासात ‘अनावश्यक’ असा शेरा मारला आणि कागद परत पाठवला. समितीत यावरून दोन तट पडले आहेत. माझ्या मते बाईंचे बरोबर आहे.

इंग्रजीतील मेक, इलेक्ट, क्राउन या क्रियापदांप्रमाणेच अपॉइंट हे क्रियापदही कर्मानंतर थेट कर्मपूरक (कर्माला मिळालेले पद सांगणारा शब्द) घेते, त्याला मध्ये दुवा लागत नाही. आपण मराठीत ‘सचिव म्हणून नेमले’ असे म्हणतो आणि त्या ‘म्हणून’च्या जागी सवयीने ‘ॲज’ बसवतो, असा माझा तर्क आहे. भारतीय संविधानाचा मूळ इंग्रजी मजकूर पाहावा. अनुच्छेद १६५ मध्ये महाधिवक्त्याच्या नेमणुकीची तरतूद करताना ‘अपॉइंटेड अ जज ऑफ अ हायकोर्ट’ होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला राज्यपालांनी ‘टु बी ॲडव्होकेट-जनरल’ नेमावे, असे म्हटले आहे. अनुच्छेद ७६ मध्ये महान्यायवादीसंबंधीही हीच रचना आहे. दोन्हीकडे क्रियापदानंतर ‘ॲज’ नाही. शिवाय न्यायाधीश अनेक असतात म्हणून तिथे ‘अ’ आला आहे. संस्थेचा सचिव एकच असल्यामुळे ‘अपॉइंटेड सेक्रेटरी’ एवढे पुरते, ‘द’चीही गरज उरत नाही.

खोपटचा वाचक

आपण संविधान अर्धेच उघडले आहे. अनुच्छेद १५७ मध्ये राज्यपालपदासाठी भारतीय नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षे पूर्ण असण्याची अट आहे, आणि तिथे शब्द आहेत ‘अपॉइंटमेंट ॲज गव्हर्नर’. अनुच्छेद १२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची पात्रता सांगतानाही ‘अपॉइंटमेंट ॲज अ जज’ असेच लिहिले आहे. घटनाकारांना ‘ॲज’चे वावडे नव्हते, हे यावरून उघड आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशांतही दोन्ही रचना दिलेल्या असतात. जे रूढ आहे आणि ज्याने अर्थ बिघडत नाही, ते पेन्सिलीने खोडण्याचे कारण मला दिसत नाही.

माजिवडेकर

आपण दिलेली दोन्ही उदाहरणे नामाची आहेत, क्रियापदाची नाहीत. नामाला पद जोडायचे तर ‘ॲज’ लागणारच, कारण ‘अपॉइंटमेंट गव्हर्नर’ असे कोणीही लिहिणार नाही. माझा मुद्दा क्रियापदापुरता आहे. ‘ॲज’ चूक आहे असे मी म्हटलेले नाही. औपचारिक लेखनात ते नसणे अधिक बरे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोकण भवनातला निवृत्त कर्मचारी, बेलापूर

आपण दोघे शेपटासाठी भांडत आहात आणि जनावरच वेगळे आहे. व्यवस्थापक समितीचे सदस्य सभासदांच्या मतांनी निवडून येतात, आणि अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांची निवड ते सदस्य आपल्यातूनच करतात. त्याला इंग्रजीत ‘इलेक्ट’ म्हणतात. नेमणारा वेगळा आणि नेमला जाणारा वेगळा असेल, नेमणाऱ्याकडे तसा अधिकार असेल, तेव्हाच ‘अपॉइंट’ शोभते. ठाणे महापालिकेत महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, तर आयुक्तांची नियुक्ती राज्य शासन करते. तरीही ‘अपॉइंटेड मेयर’ असे लिहिणारे भेटतात. समितीतील जागा मधेच रिकामी झाल्यावर ती सदस्य स्वीकृत करून भरली, तर त्याला ‘को-ऑप्ट’ हा शब्द आहे. आणि आपल्याकडे सहकारी संस्थांचे निबंधक ‘अपॉइंट’ करतात तो प्रशासक. फलकावर हे क्रियापद वाचून एखाद्या जुन्या सभासदाला संस्थेवर प्रशासक बसला की काय, अशी धास्ती वाटली, तर दोष त्याचा नव्हे.

सरकारी नोकरीत आम्ही हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवत असू, कारण प्रत्येक शब्दाचा कागद वेगळा असे. नियुक्तीचा आदेश म्हणजे अपॉइंटमेंट ऑर्डर, ती सेवेत प्रवेश करताना एकदा मिळते. त्यानंतर माणूस रुजू होतो. पुढे बदली होऊन पालघरला गेला किंवा अलिबागला गेला, तर ती पोस्टिंग. बदलून आलेल्या अधिकाऱ्याचे स्वागत करताना फलकांवर ‘न्यूली अपॉइंटेड’ असे छापलेले असते, तेव्हा वीस वर्षे नोकरी झालेला तो गृहस्थ कालच भरती झाल्यासारखा वाटतो.

खोपटचा वाचक

आपली ही व्याख्या फारच कडक आहे. पंतप्रधान बहुधा लोकांमधून निवडून आलेले असतात, लोकसभेतील बहुमत त्यांच्या पाठीशी असते, आणि तरीही अनुच्छेद ७५ मध्ये ‘शॅल बी अपॉइंटेड बाय द प्रेसिडेंट’ असेच लिहिले आहे. निवडून आलेला माणूस नंतर नेमलाही जाऊ शकतो. ‘अपॉइंट’चा अर्थ ‘ठरवणे’ इतका व्यापकही आहे. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० मध्ये ‘अपॉइंटेड डे’ म्हणजे १ मे १९६० अशी व्याख्या आहे. तिथे तर कोणी व्यक्तीच नाही, दिवस नेमला आहे. मग समितीने आपल्यातील एकाला सचिवपद नेमून दिले, तर त्याला ‘अपॉइंट’ म्हणण्यात काय बिघडते?

कोकण भवनातला निवृत्त कर्मचारी, बेलापूर

पंतप्रधानांच्या बाबतीत सही राष्ट्रपतींची असते, म्हणजे नेमणारा वेगळाच आहे. आपल्याला समांतर उदाहरण हवे असेल, तर लोकसभेचे अध्यक्ष घ्यावेत. सभागृह आपल्याच सदस्यांमधून अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडते, आणि त्यासाठी अनुच्छेद ९३ मध्ये ‘चूझ’ हे क्रियापद वापरले आहे. समितीने सचिव निवडणे हे त्याच जातीचे आहे. ‘अपॉइंटेड डे’बद्दल माझी तक्रार नाही, दिवसाला मत नसते.

माजिवडेकर

हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो मला पटला. सुधारित मसुदा असा करतो: ‘द कमिटी हॅज इलेक्टेड मिस्टर अमुक सेक्रेटरी’. मात्र मूळ प्रश्न त्याने मिटत नाही, कारण ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आहे आणि तीत लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा ठराव येईल. लेखापरीक्षक बाहेरचा असतो, शासनमान्य नामिकेतून (पॅनेलमधून) त्याला सर्वसाधारण सभा नेमते. तिथे ‘अपॉइंट’च योग्य आहे, आणि तिथेही मी ‘ॲज’ गाळणार आहे.

खोपटचा वाचक

मग तो ठराव आताच लिहून पाहावा. ‘द सोसायटी अपॉइंट्स मेसर्स अमुक अँड कंपनी स्टॅच्युटरी ऑडिटर्स’. यात कंपनीचे नाव कुठे संपले आणि पद कुठे सुरू झाले, ते मला सांगावे. ‘स्टॅच्युटरी ऑडिटर्स’ हे त्या पेढीच्या नावातलेच शब्द आहेत, असा कोणाचाही समज होईल. उपनिबंधकांच्या कार्यालयात हा कागद जाणार असेल, तर बाईंच्या पेन्सिलीपेक्षा तो ‘ॲज’ अधिक कामाचा आहे.

माजिवडेकर

त्या ठरावात ‘टु बी’ घालतो. संविधानातही तेच केले आहे.

खोपटचा वाचक

म्हणजे एक शब्द नको म्हणून आपण दोन घेतले.