आरएनए फोल्डिंगचं सिम्युलेशन: फिटनेस मध्येच अडकून का बसतो?

रानजाई:
एमएस्सी बायोइन्फॉरमॅटिक्सच्या प्रोजेक्टसाठी आरएनएच्या उत्क्रांतीचं सिम्युलेशन लिहितेय. टार्गेट म्हणजे टीआरएनएचा (प्रोटीन बनताना अमिनो आम्ल आणून देणारा छोटा आरएनए) क्लोव्हरलीफ, म्हणजे तीन पानांसारखी घडी, 76 बेस (आरएनएची अक्षरं). 1000 सिक्वेन्सची पॉप्युलेशन, कॉपी होताना थोडी थोडी म्युटेशन, मग व्हिएन्ना पॅकेजच्या आरएनएफोल्ड प्रोग्रॅमने प्रत्येकाची घडी (कुठला बेस कुठल्याशी जुळतो) काढायची आणि जी टार्गेटच्या जास्त जवळ तिला जास्त पिल्लं. सुरुवातीला फिटनेस (टार्गेटशी जवळीक) भराभर वाढतो, मग कितीतरी जनरेशन ढिम्म, मग अचानक उडी आणि परत ढिम्म. रँडम नंबरचा सीड बदलून पाहिला तरी तेच. मला वाटलेलं आलेख हळूहळू चढत जाईल. कोडमध्ये बग आहे की हे असंच असतं? आणि मैत्रीण म्हणते अल्फाफोल्ड (घडी ओळखणारा एआय प्रोग्रॅम) असताना हे जुनं आरएनएफोल्ड कशाला, त्यावरही कोणीतरी सांगा प्लीज.

घडीमोड:
बग नाहीये, उलट तुझं सिम्युलेशन बरोबर चाललंय. फोंटाना आणि शुस्टर यांनी 1998 मध्ये सायन्समध्ये हेच दाखवलं होतं आणि टार्गेटही टीआरएनएचाच आकार होता. बघ, 76 बेसचे सिक्वेन्स किती, तर 4 चा 76 वा घात, म्हणजे 10 च्या 45 व्या घाताच्याही वर, आणि घड्यांचे आकार त्यामानाने खूपच कमी, त्यामुळे नेहमी दिसणाऱ्या एकेका आकाराच्या वाट्याला अफाट सिक्वेन्स येतात. आणि ते विखुरलेले नसतात, एकेका म्युटेशनने एकमेकांना जोडलेले असतात. स्टेममधली (बेस जोड्यांनी जुळलेला दुपदरी भाग) जी-सी जोडी घे, सीचा यू झाला तर जी-यू, तीही जुळते, मग जीचा ए झाला की ए-यू. दोन पायऱ्यांत अख्खी जोडी बदलली आणि बहुतेक वेळा आकार जिथल्या तिथे. ह्या जाळ्याला न्यूट्रल नेटवर्क म्हणतात.

म्हणजे फिटनेस ढिम्म असतो तेव्हा पॉप्युलेशन ढिम्म नसते, ती जाळ्यावरून सरकत असते. पटत नसेल तर पठार सुरू झालं तेव्हाचा मुख्य सिक्वेन्स साठवून ठेव आणि दर जनरेशनला त्याच्यापासूनचं सरासरी हॅमिंग अंतर (किती जागी अक्षरं वेगळी) प्लॉट कर, फिटनेस आडवा आणि अंतर वाढत जाणारं दिसेल. सरकता सरकता ती अशा जागी येते जिथून चांगला आकार एकाच म्युटेशनवर असतो, तीच तुझी उडी. स्टेम एका जोडीने वाढणं किंवा कमी होणं सोपं, ते सारखं होत राहतं, पण स्टेमची एक बाजू सरकून दुसरीकडे जुळणं अवघड, त्यात बऱ्याच जोड्या एकदम तुटून नव्या बनाव्या लागतात. पठारं संपताना बहुतेकदा असंच काहीतरी झालेलं सापडेल, आधीची आणि नंतरची घडी शेजारी ठेवून बघ. मला ह्या विषयात सगळ्यात भारी हेच वाटतं, की ज्या बदलांनी वरवर काहीच होत नाही त्यांच्याशिवाय पुढचा मोठा बदल होऊच शकत नाही.

कोडकरी:
अल्फाफोल्डबद्दल. 2020 च्या कॅस्प 14 मध्ये (प्रोटीनची घडी ओळखण्याची स्पर्धा) अल्फाफोल्ड 2 ने जे केलं ते खरंच मोठं आहे, 2024 चं नोबेलही त्यावर मिळालं. पण अल्फाफोल्ड 2 प्रोटीनसाठी आहे आणि नातलग सिक्वेन्सच्या अलाइनमेंटवर (एकाखाली एक जुळवून मांडणं) बरंच अवलंबून असतं, म्हणजे उत्क्रांतीने आधीच करून ठेवलेलं काम वाचून उत्तर देतं. तुझ्या रँडम सिक्वेन्सला नातलग कुठून आणणार? शिवाय एका म्युटेशनने घडी मोडेल का, ह्या प्रश्नासाठी ते बनवलेलंच नाही. आणि तुला दर जनरेशनला 1000 घड्या काढायच्यात, आरएनएफोल्ड 76 बेसची घडी क्षणात काढतं.

प्रोटीनशी तुलना करायचीच असेल तर डिल या शास्त्रज्ञाचं एचपी हे सोपं मॉडेल घे. अमिनो आम्लं फक्त दोन प्रकारची, पाण्याला टाळणारी आणि पाणी आवडणारी, साखळी चौकटीच्या जाळीवर. 18 लांबीला सिक्वेन्स 262144 च, सगळ्या घड्याही मोजून होतात. त्यात एकच नक्की सर्वोत्तम घडी असणारे सिक्वेन्स अडीच टक्क्यांच्या आसपासच निघतात, उलट रँडम आरएनएला काहीतरी स्टेम जवळजवळ नेहमी मिळतातच.

सूक्ष्मदर्शी:
वरचं सगळं मान्य पण आकार तोच म्हणजे म्युटेशन निरुपद्रवी, असं रिपोर्टमध्ये लिहू नकोस ताई, हे मॉडेलचं गृहीतक आहे. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातला लायसिनचा टीआरएनए बघ. त्याच्या जीनमध्ये 8344 ला एचा जी झाला की एमईआरआरएफ हा आजार होतो. बदल टी लूपमध्ये (क्लोव्हरलीफच्या एका पानाच्या टोकाचा न जुळलेला भाग), म्हणजे कागदावरचा क्लोव्हरलीफ तसाच, पण अँटिकोडॉनमधल्या (कोडॉन, म्हणजे संदेशातली तीन अक्षरं, वाचणारा भाग) यूवर जे टॉरिनवालं मॉडिफिकेशन (नंतर होणारा रासायनिक बदल) व्हायला हवं तेच होत नाही आणि कोडॉन नीट वाचला जात नाही.

ह्याच टीआरएनएची दुसरी गंमत, मॉडिफिकेशन नसलेला लॅबमध्ये बनवला तर तो क्लोव्हरलीफ होतच नाही, लांब हेअरपिन (केसांच्या पिनेसारखी दुमडलेली घडी) होतो. 9 व्या एवर एक मेथिल बसला की क्लोव्हरलीफ. नुसत्या चार अक्षरांवर चालवलेल्या आरएनएफोल्डला तो मेथिल दिसणार कसा?

रानजाई:
खूप थँक्स सगळ्यांना!! हॅमिंग अंतराचा प्लॉट केला, फिटनेस आडवा आणि अंतर खरंच वाढत जातंय. एक शेवटचं, आकार फक्त मिनिमम एनर्जीचा (सगळ्यात स्थिर घडी) घेतेय ते चालेल ना?

घडीमोड:
ह्या प्रोजेक्टपुरतं चालेल. पण आरएनएफोल्डला -पी देऊन मॅककॅस्किलची पार्टिशन फंक्शन (सगळ्या शक्य घड्यांचा एकत्र हिशोब) काढ आणि पठारावरच्या थोड्या सिक्वेन्सना तुझी घडी किती टक्के वेळ असते ते टेबलात टाक. दुसरी घडी अर्ध्या किलोकॅलरीच्या अंतरावर असेल तर 37 अंशाला रेणू दोन्हींत जात-येत राहतो, आणि अशा सिक्वेन्सला शंभर टक्के क्लोव्हरलीफ धरून फिटनेस देणं मला तरी पटत नाही.