बीडीसी स्कोप : खुणा कोणाच्या गोळीच्या?

बरेच जण म्हणतात की बीडीसी (बुलेट ड्रॉप कॉम्पेन्सेटर, लांबवर गोळी किती खाली येईल ते धरून आत वेगवेगळ्या अंतरांच्या खुणा आखलेला रायफलचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण) घेतला की टरेट (नेम वर-खाली करायची स्कोपवरची क्लिक-क्लिक फिरणारी चकती) फिरवायची कटकटच संपली. अर्धं खरंय. समोर हरीण उभं असताना क्लिक मोजत कोण बसणार, खालची खूण धरा आणि ट्रिगर दाबा, पटकन काम होतं. पण त्या खुणा कंपनीने एका ठराविक गोळीचा वेग आणि हवा धरून आखलेल्या असतात, तुमची काडतुसं वेगळी असली की ३०० यार्डाची खूण ३०० ची राहत नाही, आणि समुद्रसपाटीवर जुळवलेली रायफल कोलोरॅडोच्या डोंगरात नेली तर विरळ हवेत गोळी कमी खाली येते, म्हणजे नेमाच्या वर लागते.

आणखी एक, जे दुकानदार सहसा सांगत नाही: सेकंड फोकल प्लेनचा स्कोप (झूम बदलला तरी खुणा तेवढ्याच दिसतात असा) असेल तर खुणा एकाच झूमवर खऱ्या, बहुतेक वेळा फुल झूमवर. ३-९ वाला (३ ते ९ पट झूमचा) ६ वर ठेवून मारलात तर गेलंच सगळं. रशियन ड्रॅगुनोव्ह रायफलच्या पीएसओ-१ स्कोपला हा त्रास नाही कारण तो फिक्स ४एक्स (कायम ४ पट, झूम नाही), अंतर लावायच्या ड्रमवर १००० मीटरपर्यंत आकडे, पण तेही ठराविक गोळीसाठीच.

वाऱ्याचं गणित वेगळंच, त्यात बीडीसी काही करत नाही. २०० यार्डाच्या आतली शिकार असेल तर साधा डुप्लेक्स (नुसत्या आडव्या-उभ्या रेघांचा, अंतराच्या खुणा नसलेला स्कोप) घ्या, उरलेल्या पैशात गोळ्या.