दोन घरची पाहुणी: शेजाऱ्यांत कुत्रं सामाईक असावं का?

तिसरा_मजला

पुण्यातली आमची जुनी इमारत, लिफ्ट नाही. मी ६९ वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर एकटी. समोरच्या दारात सर राहतात. वय ७५, चित्रकला शिकवायचे, तेही एकटेच. आणि दोघांच्या मध्ये ठकी.

सहा वर्षांपूर्वी आमचा रखवालदार गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच्या खोलीबाहेर हे पिल्लू राहिलं. सर म्हणाले, "सकाळचं फिरवणं माझ्याकडे, तुमचे गुडघे नकोत त्यात." मी म्हटलं, "मग जेवण माझ्याकडे." एवढाच करार. खर्च निम्मा-निम्मा. महापालिकेचा परवाना सरांच्या नावावर, कारण खेपा त्यांनी घातल्या. डॉक्टरांकडची फाइल माझ्या नावावर, कारण पहिल्या इंजेक्शनला मी रिक्षातून नेलं होतं. सहा वर्षं यात कोणाला काही खटकलं नाही.

आता सर मुलीकडे बंगळूरला चार महिने जाणार आहेत आणि ठकीला नेतो म्हणतात. मी नको म्हटलं. जिन्यातच बोलणं वाढलं. ते म्हणाले, "परवान्यावर नाव माझं आहे."

त्याला आठ दिवस झाले. ठकी सकाळी त्यांच्याबरोबर जाते, दुपारी माझ्या दिवाणाखाली येऊन पडते. आम्ही दोघंही तिच्याशी बोलतो, एकमेकांशी नाही.

या वयात एकट्याने कुत्रं पाळणं झेपत नाही, दोघांत झेपतं, असं मला अजूनही वाटतं. तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणी सांगा.

सामाईक_विहीर

काकू, राग मानू नका. आमच्या गावी चार भावांत एक विहीर आहे. सातबाऱ्यावर चौघांची नावं, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पाऊस बरा झाला की चौघंही "आपली विहीर" म्हणतात. मोटर जळली की ती कोणाचीच नसते. आणि यातल्या एकाला वाटणी हवी झाली, तर विहीर कापून देता येत नाही. तुमचं आत्ता नेमकं तेच झालंय. कुत्र्याला धनी एकच असावा. दुसऱ्याने लाड करावेत, हक्क सांगू नये.

वाडीवाला

विहिरीचं उदाहरण इथे लागू होत नाही साहेब. विहीर आपल्या पायांनी शेजारी जात नाही. आमच्या कोकणात अख्ख्या वाडीत एक कुत्रा असायचा. सकाळची भाकरी एका पडवीत, दुपारचा भात दुसऱ्या, रात्री राखण सगळ्यांची. त्याचा धनी कोण, असं कोणी विचारलंच नाही. ही एकाच धन्याची टूम शहरातली आहे, फ्लॅटचं दार बंद झाल्यापासूनची.

सामाईक_विहीर

आणि तो वाडीतला कुत्रा आजारी पडल्यावर डॉक्टरकडे कोण नेत होतं?

वाडीवाला

कोणी नाही. खरं आहे. तो मुद्दा तुमचा.

गोचीडवाला

जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून बारा वर्षं काढली, त्यावरून सांगतो. दोन घरांतलं कुत्रं टेबलावर आलं की आम्ही आधी वजनकाटा पुढे ओढतो. "दोन घरचा पाहुणा उपाशी" ही म्हण माणसांची. कुत्र्याचं उलटं असतं. हे म्हणतात त्यांनी दिलं नसेल, ते म्हणतात यांनी दिलं नसेल.

वजन परवडलं, औषधाचा घोळ वाईट. जंताची गोळी दोन्ही घरांतून दिली जाते किंवा एकाही घरातून नाही. गोचीड ताप आला तर पहिल्या दिवशी जेवण सोडल्याचं कळायला हवं. इथे दोघांनाही वाटतं, तिकडे जेवली असेल. त्यात दोन दिवस जातात. आणि कृपा करून अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. एकाने दिलेली दुसऱ्याला माहीत नसते, डॉक्टरांना तर त्याहून नाही. कुत्र्याला बाधणारी द्राक्षं, मनुका आणि कांदा यांचंही तेच.

तरी मी विरोधात नाही. एका घरात राहून दिवसभर कडीला बांधलेली कुत्रीही खूप पाहिली आहेत.

तिसरा_मजला

वजनाचं खरं आहे. पंधरा किलोंची एकवीस झाली तेव्हा डॉक्टर आम्हा दोघांना समोर बसवून बोलले. मी साडेसातला तिला भात-अंडं द्यायची. आठला ही सरांच्या दारात कान पाडून, जन्मात अन्न पाहिलं नाही अशा चेहऱ्याने उभी. सर दूध-पोळी कुस्करून द्यायचे. वर्षभर मला पत्ता नव्हता. ठकी नाव उगीच नाही पडलं.

मग माझ्या दाराच्या जाळीला दोरीने एक वही अडकवली. जेवण, गोळी, शी. तिन्ही रकाने रोज भरायचे. आता सतरा किलो आहे.

काळा_कोट_खुंटीला

निवृत्त वकील, म्हणून दोन शब्द. परवाना म्हणजे खरेदीखत नव्हे. कुत्रं ही कायद्याच्या नजरेत जंगम वस्तू आहे आणि ती दोघांच्या मालकीची असू शकते. सहा वर्षं निम्मा खर्च आणि तुमच्या नावाची फाइल, हे कुणी कचऱ्यात टाकणार नाही. सरांचं "नाव माझं आहे" हे वाक्य रागाचं आहे, कायद्याचं नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा 'मालक' या शब्दात मालकाबरोबर त्या वेळी जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही धरतो. म्हणजे दुपारी दिवाणाखाली असेल तेव्हा ठकीची जबाबदारी तुमची, परवाना कोणाचाही असो. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा हक्क मोजताना हेही मोजा. एक साधा कागद करा: कोण गावाला गेलं तर ती कुठे, शस्त्रक्रियेचा खर्च कोणी, आणि दोघांपैकी एक नसेल तेव्हा काय.

लेकीची_बाजू

शेवटचं वाक्य कोणीच पुढे नेलं नाही, म्हणून लिहिते. माझे बाबा आणि शेजारचे काका नाशिकला असंच एक कुत्रं सांभाळायचे. आम्हाला कौतुक होतं, फोटो यायचे. बाबा गेले. चार महिन्यांनी काकांना त्यांच्या मुलाने वृद्धाश्रमात ठेवलं. अकरा वर्षांचा मोती माझ्या ठाण्याच्या वन बीएचकेत आला. दीड महिना तो दाराकडे तोंड करून बसायचा. लिफ्टचा आवाज आला की उठायचा, मग पुन्हा बसायचा.

काकू, तुमचं आणि सरांचं वय मिळून १४४ होतं. देशी कुत्रं नीट सांभाळलं तर सहज १२-१५ वर्षं जगतं. तुमच्या करारात दोन सह्या आहेत, पण निस्तरणारी तिसरीच असते आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. सरांच्या लेकीला विचारलंत का, तिला घरात कुत्रं चालणार आहे का?

टोमणेबाज

दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री, एकाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. इथे एका कुत्रीला दोन गुरू आणि रोज नवा अध्याय.

वाडीवाला

लेकीचं म्हणणं लागलं, पण पटलं नाही. बाबा एकटेच सांभाळत असते तर मोती तुमच्याकडे चार महिने आधी आला असता, एवढाच फरक. उलट काकांमुळे त्याला ओळखीचा जिना चार महिने जास्त मिळाला. रतन टाटा गेल्यावर, २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्युपत्रात टिटो नावाच्या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद असल्याच्या बातम्या आल्या होत्या. तो त्यांच्या स्वयंपाक्याकडे सोपवला होता. म्हणजे तिथेही दुसरं ओळखीचं माणूसच लागलं.

लेकीची_बाजू

टाटांकडे स्वयंपाकी होता. आमच्याकडे स्वयंपाकी मीच. "चार महिने जास्त मिळाला" हे तुम्हाला लिहायला सोपं आहे. त्या चार महिन्यांत काकांना उठवत नव्हतं, मोतीची नखं वळून पंजात गेली होती.

सामाईक_विहीर

मोटर जळली.

तिसरा_मजला

सगळं वाचलं. लेकीच्या प्रतिसादावर रात्रभर विचार केला. सरांच्या मुलीला मी विचारलं नव्हतं, सरांनीही नाही. काल मीच फोन केला. ती अवघडली, मग म्हणाली, "मावशी, सासूबाईंना दमा आहे. बाबांना कसं सांगू कळत नव्हतं."

मी तिचं नाव सरांसमोर काढायचं नाही असं ठरवलं, पण ती वेळ आली नाही. परवान्याचं नूतनीकरण आलंय, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. लस दर वर्षी, दाखला माझ्या फायलीत. नवव्या दिवशी सरांनी बेल वाजवली. बेल कधी वाजवत नाहीत, जाळीवर टिचकी मारतात. आत आले नाहीत. "फाइल हवी होती" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, फाइल देणार नाही, बरोबर येते.

रिक्षात मध्ये ठकी. परत येताना तेच म्हणाले की रेल्वेचा एवढा प्रवास हिला सोसणार नाही, तिथे अनोळखी घर. मी हो म्हटलं. पहिल्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा सकाळचं फिरवेल, पैसे सर देणार. वकीलसाहेबांचा कागद सर आल्यावर करू, त्यावर तिसरं नाव कोणाचं ते दोघांनाही सुचत नाहीये. परवान्याचं ते वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही. मीही विसरलेले नाही.

लसीचं कार्ड भरलं होतं म्हणून दवाखान्यातल्या मुलीने नवीन काढलं. "मालकाचं नाव काय लिहू?" आम्ही दोघं एकदम बोललो. तिने दोन्ही लिहिली. रकाना लहान, सरांचं आडनाव समासात गेलं.

सामाईक_विहीर

समासातली नावंच पुढे कोर्टात जातात, काकू. वही मात्र चालू ठेवा.