टेक्ससचं पे-डे लोन, आता मुक्काम न्यू जर्सी: पैसे कापणं कसं थांबवू? तातडीने मदत हवी

एडिसन_नवा
५०० डॉलरचं पे-डे लोन (पुढच्या पगारापर्यंतचं छोटं कर्ज) आहे. दर दोन आठवड्यांनी पगाराच्या दिवशी ११५ डॉलर कापले जातात, आतापर्यंत चार वेळा गेले. मुद्दल अजून ५००च दाखवतात. न्यू जर्सीत असली कर्जं बेकायदेशीर आहेत असं वाचलं. मग हे फेडायची गरज नाही ना? शुक्रवारी पुन्हा कापतील. कृपया लवकर सांगा.

रेघोट्या
न्यू जर्सीत ३० टक्क्यांच्या वर वार्षिक व्याज लावणं हा फौजदारी गुन्हा आहे. तुमचं चाललंय ते ६०० टक्क्यांच्या आसपास. एक पैसा देऊ नका.

सातबारा
रेघोट्या, घाई नको. कर्ज घेतलं तेव्हा हे कुठे राहत होते ते शीर्षकात आहे, तपशिलात नाही. एडिसन_नवा, एवढं सांगा: दुकानात जाऊन घेतलं की ऑनलाइन? कोणत्या शहरात? सही केली तेव्हा पत्ता टेक्ससचा होता का? पैसे खात्यातून एसीएचने (म्हणजे बँक खात्यातून परस्पर ऑनलाइन वळते होऊन) जातात की पुढच्या तारखेचा चेक दिलाय? कागदावर एक कंपनी आहे की दोन?

एडिसन_नवा
दुकानातून घेतलं, तेव्हा टेक्ससमध्येच राहत होतो. एसीएच. कागदावर दोन नावं आहेत, एक कर्ज देणारी आणि एक 'सीएबी' असं काहीतरी.

सातबारा
मग उत्तर बदलतं. टेक्ससच्या रहिवाशाने टेक्ससच्या दुकानात सही केलेला करार तुम्ही न्यू जर्सीत आलात म्हणून रद्द होत नाही. कर्ज देणारी कंपनी वर्षाला १० टक्क्यांच्या आतच व्याज घेते. तुमच्या ५००वर १४ दिवसांचं ते साधारण १.९२ डॉलर होतं. उरलेले ११३ डॉलर ही सीएबीची, म्हणजे 'क्रेडिट अ‍ॅक्सेस बिझनेस'ची फी. या फीवर टेक्ससच्या कायद्यात कमाल मर्यादाच नाही. २०१२पासून त्यांना ओसीसीसीचा, म्हणजे राज्याच्या ग्राहक-कर्ज आयुक्त कार्यालयाचा परवाना लागतो, पण दर मोकळाच आहे. म्हणून तिथे ६०० टक्के कायद्यात बसतं आणि इथे ३० टक्क्यांच्या वर गुन्हा ठरतो.

रेघोट्या
पण प्रत्येक रिन्यूअल, म्हणजे फी भरून कर्जाची मुदत वाढवणं, हा नवा करार धरला, तर इथे आल्यानंतरचे रिन्यूअल न्यू जर्सीच्या कायद्याखाली येतात असं म्हणता येईल.

सातबारा
म्हणता येईल. टिकेल का, हे करारातल्या कायदा-निवडीच्या (कोणत्या राज्याचा कायदा लागू) आणि लवादाच्या (वाद कोर्टाबाहेर सोडवण्याच्या) कलमावर ठरेल. त्या भरवशावर पैसे थांबवून गप्प बसू नये.

पिठलंभाकरी_डॅलस
शहराचं नाव अजून आलेलं नाही आणि सगळं त्यावरच अडलंय. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन अशा बऱ्याच शहरांचे स्वतःचे वटहुकूम आहेत, आणि दुकान शहराच्या हद्दीत असेल तर ते लागू होतात. कर्ज एकरकमी फेडायचं असेल तर रिन्यूअल जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येक वेळी मुद्दलातले किमान २५ टक्के फिटलेच पाहिजेत. कर्जाची रक्कमही महिन्याच्या एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या आत.

एडिसन_नवा
दुकान डॅलस शहरातच. ते म्हणतात की हे रिन्यूअल नाही, दर वेळी नवीन कर्ज आहे.

पिठलंभाकरी_डॅलस
ही पळवाट वटहुकुमानेच बुजवली आहे. आधीचं कर्ज फिटल्यापासून सात दिवसांच्या आत दिलेलं कर्ज रिन्यूअलच धरलं जातं. तुम्ही चार वेळा भरलंत, ४६० डॉलर गेले आणि मुद्दल ५००वरच. नियमाने १२५चे चार हप्ते पडून मुद्दल एव्हाना संपायला हवं होतं. तक्रार डॅलस शहराकडे करा आणि ओसीसीसीकडेही. सोबत प्रत्येक पावती आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा. एक लक्षात ठेवा: दंड कंपनीला होतो, कर्ज आपोआप माफ होत नाही. पण तडजोडीला बसताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

कोपऱ्यातला_चहा
क्रेडिट युनियनचं, म्हणजे सभासदांच्या पतपेढीचं, 'पाल' हे छोटं कर्ज घ्या आणि हे फेडून मोकळे व्हा. २०० ते १००० डॉलर, मुदत एक ते सहा महिने, दर जास्तीत जास्त २८ टक्के, अर्जाची फी २० डॉलरच्या आत. महिनाभर सभासद असावं लागतं. 'पाल टू' प्रकारात ती अट नाही आणि मर्यादा २००० पर्यंत आहे. प्रत्येक युनियन ते देत नाही, फोन करून विचारा.

शेंगदाणे
आमच्याकडे महाराष्ट्रातही सावकारीला परवाना लागतो, २०१४चा कायदा आहे. पण मोबाइल अ‍ॅपवाल्यांचं काय करायचं?

सातबारा
शेंगदाणे, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. एडिसन_नवा, आज मंगळवार आहे. ठरलेल्या तारखेच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी बँकेला सांगितलं तर एसीएच थांबवण्याचा हक्क संघीय कायद्याने मिळतो. शुक्रवारसाठी ती मुदत आजच संपते. फोनवर सांगितलं तरी चालतं, पण बँकेने लेखी मागितलं तर १४ दिवसांत द्यावं लागतं. नुसतं '११५ डॉलर थांबवा' म्हणू नका. कंपनी रक्कम काही सेंट्सनी बदलते किंवा दोन तुकड्यांत ओढते आणि थांबवणी चुकते. कंपनीचा एसीएच आयडी स्टेटमेंटवर बघा आणि त्यावरून सगळेच व्यवहार थांबवायला सांगा. त्याच दिवशी कंपनीलाही लिहा, 'खात्यातून पैसे काढण्याची परवानगी मी मागे घेत आहे', आणि प्रत बँकेला द्या.

रेघोट्या
लागोपाठ दोनदा फेल झालं की तुमच्या नव्या परवानगीशिवाय तिसऱ्यांदा त्यांना ओढताच येत नाही, सीएफपीबीचा, म्हणजे संघीय ग्राहक-वित्त संरक्षण संस्थेचा, नियम आहे.

सातबारा
३० मार्च २०२५पासून तो लागू आहे, पण अंमलबजावणीला प्राधान्य देणार नाही असं सीएफपीबीनेच जाहीर केलंय. त्याच्या भरवशावर खातं उघडं ठेवायचं नाही.

एडिसन_नवा
थांबवल्यावर पोलीस केस होईल का? व्हिसावर आहे.

पिठलंभाकरी_डॅलस
कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. फसवणुकीसारखा गुन्हा नसेल तर फौजदारी तक्रारीची धमकी देणंही टेक्ससच्या कायद्याने कंपनीला मना आहे. कुणी तशी धमकी दिली तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि ओसीसीसीच्या तक्रारीत जोडा. दिवाणी दाव्याची नोटीस आली तर मात्र दुर्लक्ष करू नका, मुदतीत उत्तर द्या.

एडिसन_नवा
बँकेला फोन केला. ३० डॉलर घेतले, आयडीवरून थांबवलं, लेखी उद्या देतो. पावत्या दोनच सापडल्या.

पिठलंभाकरी_डॅलस
बाकी दोन दुकानाकडून ईमेलवर मागा. आजच, तक्रार त्यांच्या हातात पडायच्या आधी.