'हॉस्पिटलात यांना अडवतं कोण?' म्हणे!

वर्धारोडवाला: काल इथं एकानं लिहिलं, "कलम 377 मधला समलिंगी संबंधांचा गुन्हा गेला 2018 ला. आता समलिंगी जोडप्यांना हॉस्पिटलात अडवतं कोण? उगाच रडगाणं." डोकंच सणकलं. माझ्या जोडीदाराचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा नागपूरच्या धंतोलीतल्या हॉस्पिटलच्या काउंटरवरचा पहिला प्रश्न, "पेशंटचे कोण?" "सोबत राहतो." "तसं नाही, रिलेशन सांगा." फॉर्मवर वडील, पती/पत्नी, भाऊ, इतर. 'इतर'वर खूण केली तर म्हणे रक्ताचं माणूस बोलवा. त्याचे आईवडील गोंदियाला, बोलणं बंद. तो शुद्धीवर, स्वतः सही करतो म्हणत होता. सज्ञान, शुद्धीतल्या पेशंटची स्वतःची संमती लागते, दुसऱ्याची चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात 2008 लाच सांगितलंय. ऐकतो कोण? शेवटी 'चुलतभाऊ' लिहिलं.

डॉ_रामदासपेठ: कायदा आम्हालाही कळतो. पेशंट दगावला की तोच न बोलणारा बाप माणसं घेऊन तोडफोडीला येतो. डॉक्टर-हॉस्पिटलांसाठीचा 2010 चा संरक्षण कायदा तेव्हा वाचवायला येत नाही.

महालची_मावशी: धंतोलीत आधी गाडी तर लावून दाखवा! ह्यांना छातीत दुखत होतं, मी ऑटोत, पुढं दुहेरी पार्किंग.

खामल्याचा: मावशी, बेसमेंटात पार्किंगच्या जागी मेडिकल स्टोअर काढून राहिले, त्याचं काय?

डॉ_रामदासपेठ: सगळेच तसे नाहीत. तुम्हीही दारासमोरच गाडी ठोकता ना!

खामल्याचा: मग लावू कुठं, तुमच्या ओपीडीत?

वर्धारोडवाला: पार्किंगचा वेगळा धागा काढा बाप्पा!

संस्कारी_नागपूरकर: 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला नाही म्हटलं. लग्न नाही तर हक्क कसला? आईबापानं वाढवलं, सही त्यांचीच.

वर्धारोडवाला: रात्रभर सलाईनची बाटली बघत बसले होते काय ते? ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं राज्यांना पत्र लिहिलं: जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला घेता यावा. म्हणजे मेल्यावर मी कोणीतरी, तेही बाकी कोणी नसलं तर. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मात्र लेखी देऊन कुणाही सज्ञान माणसाला प्रतिनिधी नेमता येतं. डोकं बिघडलं तर मी चालतो, अपेंडिक्स बिघडलं तर नाही!

संस्कारी_नागपूरकर: वकिली पाजळू नका.

महालची_मावशी: अरे, ह्यांच्या वेळी शेजारच्या पोरानं सही केली, कोणी हूं की चूं केलं नाही. मग याला काहून अडवलं?

डॉ_रामदासपेठ: बरं बाबा, उद्या रिसेप्शनला सांगतो, शुद्धीवर असेल तर पेशंटचीच सही घ्या, सोबत कोणीही असो. झालं समाधान? बेशुद्ध आणला तर मात्र व्हॉट्सॲपवर आधी माझ्या वकिलालाच विचारीन.

खामल्याचा: आणि बेसमेंट?