मदत हवी आहे: स्किझोफ्रेनियाचे निकष नेमके कुठले लिहायचे?

नमस्कार मंडळी, मी एमए सायकॉलॉजी पहिल्या वर्षाला आहे, बीए सगळं मराठीतून झालं आणि आता सायकोपॅथॉलॉजीचा (मानसिक आजारांच्या अभ्यासाचा) पेपर इंग्रजीत, त्यामुळे जाम गोंधळ उडालाय. डीएसएम-५ (अमेरिकेतलं मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक) म्हणतं लक्षणं एकूण ६ महिने हवीत, त्यातला निदान १ महिना ठळक, आणि १ ते ६ महिन्यांच्या मधलं असेल तर स्किझोफ्रेनिफॉर्म (तशीच लक्षणं, पण कमी काळ टिकणारा आजार). पण आयसीडी-११ ला (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) १ महिनाच पुरतो! मग केसमध्ये "३ महिन्यांपासून" असं दिलं तर निदान काय लिहायचं, दोन्ही लिहिलं तर चालतं का? सीनियरच्या नोट्समध्ये अजून पॅरानॉइड, कॅटाटोनिक असे प्रकार आहेत, ते तर २०१३ लाच डीएसएममधून काढलेत ना.

दुसरं म्हणजे शेजारी आपले विचार चोरतात असं ठाम वाटणं हे डिल्यूजन आणि खोलीत कुणी नसताना आवाज ऐकू येणं हे हॅल्युसिनेशन, इथपर्यंत कळलं. पण गावाकडे बाईच्या अंगात येतं ते कशात धरायचं? सगळं गाव ते मानतं, त्याला सरळ आजार म्हणणं मला पटत नाही.

माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया होता, घरच्यांची ४ वर्षं देवदेव करण्यात गेली आणि डॉक्टरकडे फार उशिरा नेलं, म्हणून मला हे नुसतं पाठ नाही करायचं, नीट समजून घ्यायचंय. कुणी ताई-दादा क्लिनिकलला असाल किंवा सेट-नेट दिली असेल तर प्लीज सांगा, पेपर ३ आठवड्यांवर आलाय.