मदत हवी आहे: खिडकीचित्र छापताना पानांची जुळणी कशी साधायची?

नमस्कार मंडळी,

मी व्यंगचित्रं काढायला शिकतो आहे. यंदा आम्ही मित्रमैत्रिणी मिळून २४ पानांचा छोटा दिवाळी अंक काढतोय, ३०० प्रती. त्यात एक तरी खिडकीचित्र हवंच असा माझा हट्ट आहे, म्हणजे पानात कापलेल्या खिडकीतून पुढच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि पान उलटलं की भलताच प्रसंग निघतो, तो प्रकार. चित्र झालंय, गाडी अडलीये छपाईपाशी.

हट्टाचं कारण मधुकर पाटकर. १९५१ साली त्यांनी ‘आवाज’ सुरू केला, निव्वळ विनोदाला वाहिलेला दिवाळी अंक. खिडकीचित्रं ही त्याची ओळख. ती काढणाऱ्या चित्रकारांचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं, पण मला पाटकरांचा विचार जास्त येतो. क्षणभराच्या हशासाठी प्रत्येक प्रतीतलं पान कापायचं, म्हणजे खर्च वाढतो, वेळ जातो, कागद वाया जातो. हे सगळं प्रकाशकाने अंगावर घेतलं तरच चित्रकाराला तसलं काही सुचण्यात अर्थ. तिकडे संपादक अनंत अंतरकरांनी ‘मोहिनी’ मासिकाच्या १९५२ च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ शि. द. फडणीसांच्या हास्यचित्राला दिलं, तीही अशीच हिंमत. पाटकरांनी तर वाचकाचा हातच विनोदात ओढला. पान उलटल्याशिवाय विनोद पुरा होत नाही!

खिडकीचित्रांवर चावटपणाचा शिक्का आहे. मला वाटतं, त्यातला बराचसा चावटपणा बघणाऱ्याच्या मनातला असतो, पुढच्या पानावर बहुतेक वेळा साधा घरगुती प्रसंग निघतो. म्हणूनच मला हा प्रकार फार हुशारीचा वाटतो.

माझ्या चित्रात शेजारी गॅलरीतून वाकून समोरच्या घराच्या खिडकीत बघतोय. आत उघडी पाठ आणि तिच्यावरून फिरणारा, चुडा भरलेला हात. पान उलटलं की आजी बाळाला पायांवर पालथं घेऊन तेल लावतेय.

आता अडचणी. खिडकी साधारण ६ बाय ५ सेंमीची आहे. लग्नपत्रिका करणाऱ्या एका कारागिराने डाय पंचिंग (धारदार साच्याने कागद कापणं) करून देतो म्हटलंय, पण पंचिंग सुट्या कागदावर घडी घालण्याआधी करायचं की फर्मा, म्हणजे अनेक पानं छापलेला मोठा कागद, दुमडल्यावर? दुमडल्यावर केलं तर मागची पानंही कापली जातील, हे मला कळतंय. पण आधी केलं आणि घडी जराशी सरकली, तर खिडकीत पाठीऐवजी आजीचं लुगडं दिसेल आणि सगळा खेळ खलास. अंक सेंटर पिनिंगचा आहे, म्हणजे पानं एकात एक घालून मधल्या घडीवर पिना मारलेला, त्यामुळे आतली पानं थोडी बाहेर सरकतात, तेही धरावं लागेल. खिडकीचं पान अगदी मधल्या जोडपानाजवळ घेतलं तर फरक कमी पडेल का? सध्या मी मागच्या चित्रात पाठीचा भाग खिडकीच्या चारही बाजूंना ५ मिमी जास्त काढून ठेवलाय. तेवढा पुरेल?

कागदाचंही सांगा. ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो हा साधा छपाईचा कागद स्वस्त पडतो, पण खिडकीच्या कोपऱ्यांतून फाटेल अशी भीती आहे. कोपरे गोल केले तर टिकेल की १०० जीएसएमच्या पुढेच जावं?

शेवटचा प्रश्न चित्रकारांना. पान उलटल्यावर तीच खिडकी डाव्या हाताला येते आणि तिच्यातून आधीच्या पानाचा तुकडा दिसतो. तिथे कविता आहे, अर्धवट ओळी दिसतील. मला त्या भोकाचाही उपयोग करायचाय, म्हणजे आधीच्या पानावर त्या जागी शेजाऱ्याचा ओशाळलेला चेहरा काढून कविता बाजूला घ्यायची. पण मग कविता वाचतानाच तो चेहरा दिसेल आणि पुढचा विनोद आधीच फुटेल का? कच्चं चित्र प्रतिसादात टाकतो, बघून सांगा.